चपला घालताना विचारलेले प्रश्न : एचआयव्हीपासून जपताना या चुका टाळा

मी तालुक्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची समुपदेशक आहे. खोलीवर 'आयसीटीसी' अशी पाटी आहे. एकात्मिक समुपदेशन आणि चाचणी केंद्र हे तिचं पूर्ण नाव. लोक मात्र केसपेपर हातात धरून खालच्या आवाजात "त्या खोलीत जायचंय" एवढंच म्हणतात.

खोलीबाहेर चपला काढायची पद्धत आहे. आत बसलेला माणूस माझ्या प्रश्नांची उत्तरं अगदी बरोबर देतो. एचआयव्ही कशाने होतो? असुरक्षित संबंध, वापरलेली सुई, न तपासलेलं रक्त, आईकडून बाळाला. डास चावल्याने, एका ताटात जेवल्याने होतो का? नाही. कंडोम वापरता का? "हो, वापरतो की." रक्त देऊन होतं, तो उठतो, दाराशी जातो. एक पाय चपलेत आणि एक बाहेर असताना मागे वळून विचारतो, "मॅडम, समजा एखाद्या वेळेला नाही वापरला, तर?"

खरा प्रश्न हा असतो. या प्रश्नांमुळेच मला कळलं, की आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना माहिती असते. माहिती असूनही जिथे पाऊल घसरतं, त्या जागा वेगळ्याच आहेत. त्या जागांबद्दल लिहिते आहे.

विश्वास आहे म्हणून कंडोम नको

सगळ्यात मोठी अडचण हीच आहे, त्यामुळे तिथे जरा थांबते.

आपल्याकडे कंडोम म्हणजे संशयाचा पुरावा झाला आहे. नवऱ्याने पाकीट घरी आणलं तर बायको विचारते, "हे कशाला आता? बाहेर काही आहे का?" बायकोने विषय काढला तर नवरा म्हणतो, "माझ्यावर भरवसा नाही? की तुझंच काही आहे?" कॉलेजातल्या मुलामुलींचंही तेच. पहिल्या दोन-चार भेटींत कंडोम असतो. मग 'आता आपण एकमेकांचे' असं ठरतं आणि तो जातो. त्या दोघांतल्या कुणीही तपासणी केलेली नसते. प्रेम पक्कं झालं, हीच जणू त्यांची तपासणी.

यात आमच्या खात्याचाही वाटा आहे. नव्वदच्या दशकातल्या पाट्या आठवा. कवटी, हाडं आणि खाली मरणाची भीती. 'एकनिष्ठ राहा, नाहीतर कंडोम वापरा' अशा धर्तीचा संदेश वर्षानुवर्षं दिला गेला, आणि त्यातल्या 'नाहीतर'ने घात केला. घरातल्या माणसाने त्याचा सरळ अर्थ लावला, की जो कंडोम मागतो तो एकनिष्ठ नाही. भारतात पहिल्या रुग्णांची नोंद १९८६ साली चेन्नईत झाली, राष्ट्रीय कार्यक्रम १९९२ मध्ये सुरू झाला. इतकी वर्षं उलटली तरी ते 'नाहीतर' पुसलं गेलेलं नाही.

दुसरी गोष्ट ऑपरेशनची. महाराष्ट्रात कुटुंबनियोजन म्हणजे बहुतेक घरांत बाईचं ऑपरेशन. दोन मुलं झाली, पंचविशी-तिशीच्या आत ऑपरेशन झालं, की त्या घरातून कंडोमला कायमची रजा मिळते. कंडोम मागायला बाईकडे समाजमान्य असं एकच कारण होतं, 'दिवस जातील'. तेही संपतं. पुढची वीस-पंचवीस वर्षं तिने कोणत्या तोंडाने मागायचं? कॉपर-टी आणि गर्भनिरोधक गोळ्यांचंही तसंच. आणि हे स्पष्ट सांगायला हवं : ऑपरेशन बाईचं असो की पुरुषाची नसबंदी, कॉपर-टी असो, गोळ्या असोत की 'वेळेवर बाजूला होणं', यातलं काहीही एचआयव्ही थांबवत नाही.

मग करायचं काय? मी बायकांना आणि पुरुषांनाही सांगते, हा विषय रात्री अंथरुणावर काढू नका. तिथे तो नकारासारखा ऐकू येतो. शेतावरून येताना, चहा पिताना, मुलं बाहेर खेळत असताना काढा. आणि 'तू' ने सुरुवात करू नका. "तुम्ही बाहेर जाता" म्हटलं की भांडण. "मला अंगावरून पांढरं जातंय, दवाखान्यात सांगितलंय की काही महिने कंडोम वापरा, नाहीतर दोघांना त्रास होईल" असं म्हटलं की बोलणं पुढे सरकतं. हा आजार तुम्हाला खरोखर असेल तर ते अगदी खरं आहे. नसेल तर आमचं नाव सांगा. "त्या मॅडम सगळ्यांनाच सांगतात" म्हणा, आणि मी खरोखरच सगळ्यांना सांगते. ज्या घरात विषय काढला की मार बसतो, तिथे बाईने एकटीने हट्ट धरू नये. आधी आमच्याकडे यावं, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करावा. जिवावर उदार होऊन कंडोम मागा, असा सल्ला मी कुणाला देत नाही.

माझी स्वतःची एक चूक इथेच सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका जोडप्याला शेजारी शेजारी बसवलं आणि नवऱ्याला विचारलं, "बाहेर कुठे संबंध आहेत का?" तो "नाही" म्हणाला. बायकोसमोर दुसरं काय म्हणणार होता? बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. ती दोघं पुन्हा आली नाहीत, रिपोर्ट घ्यायलासुद्धा नाही. तेव्हापासून मी आधी दोघांशी वेगवेगळं बोलते, आणि दोघांची इच्छा असेल तरच एकत्र बसवते. तुम्ही तपासणीला जाल आणि कुणी असं सगळ्यांसमोर विचारलं, तर 'मला एकट्याने बोलायचंय' असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे.

जिची तपासणी आधी, तिच्यावर दोष

गरोदर बाईची एचआयव्ही तपासणी सगळीकडे सुचवली जाते, आणि ते चांगलंच आहे. वेळेत औषधं सुरू झाली तर बाळाला लागण होण्याचा धोका अगदी थोडा उरतो. पण यातून एक अन्याय होतो. घरात सगळ्यात आधी तपासणी होते ती सुनेची. तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, की सासरचे म्हणतात, "हिनेच आणलं." नवऱ्याने आजवर तपासणीच केलेली नसते. कितीतरी बायका याच कारणाने माहेरी पाठवल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि दर वेळी जिवाला तितकाच त्रास होतो.

लागण आधी कुणाला झाली, हे रिपोर्टवरून कळत नाही. आधी तपासणी कुणाची झाली, एवढंच कळतं. म्हणून गरोदरपणी तपासणीला दोघांनी एकत्र यावं. सोनोग्राफीला नवरा हौसेने येतो. त्याच दिवशी त्याचंही रक्त घ्यायला सांगा. आणि तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून त्याचाही तसाच असेल, असं धरून चालू नका. एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशी जोडपी भरपूर आहेत.

चेहरा बघून ठरवणं

"ती चांगल्या घरातली आहे." "तो रोज व्यायामशाळेत जातो, त्याला कसं असेल?" एचआयव्ही शरीरात शिरल्यावर आठ-दहा वर्षंसुद्धा काही लक्षण दिसत नाही. तुमच्यासमोरचा धडधाकट माणूस, आणि तुम्ही स्वतः, दोघांनाही हे लागू आहे. यावर याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

कंडोम होता, पण चुकीचा वापरला

"वापरूनसुद्धा फाटला" ही तक्रार मी नेहमी ऐकते. खोलात विचारलं की कारण सापडतं. बहुतेक वेळा ते खोबरेल तेल असतं.

आपल्याकडे घरोघरी खोबरेल तेलाची बाटली असते आणि कोरडं वाटलं की हात तिकडेच जातो. तेल, तूप, व्हॅसलीन, कोल्ड क्रीम, बॉडी लोशन : यातलं काहीही लॅटेक्सच्या कंडोमला लावायचं नाही. तेलाने लॅटेक्स काही मिनिटांतच कमकुवत होतं आणि फाटतं. कोरडेपणा असेल तर मेडिकलमध्ये पाण्यावर आधारित वंगण मिळतं, ते जेलीसारखं असतं. बाळंतपणानंतर, अंगावर पाजताना आणि पाळी जाण्याच्या वयात बायकांना हा कोरडेपणा जास्त असतो. त्यांनी त्याची लाज बाळगू नये, सहनही करू नये.

दुसरं कारण उष्णता. पँटच्या मागच्या खिशातलं पाकीट, मोटारसायकलची डिकी, ट्रकच्या केबिनमधला समोरचा फळा. मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यात तिथे काय होत असेल, याचा विचार करा. पाकीट दोन बोटांत दाबून बघा. आत हवेची गादी जाणवली पाहिजे. जाणवली नाही, किंवा वापराची तारीख उलटली असेल, तर फेकून द्या.

पाकीट दाताने किंवा कात्रीने फाडू नका, कडेच्या खाचेतून हाताने फाडा. टोक चिमटीत धरून हवा काढा आणि मग खालपर्यंत उलगडा. ते टोक वीर्यासाठी असतं, त्यात हवा राहिली तर फुटतं. उलटा लावला गेला आणि उलगडेना, तर तोच पलटून वापरू नका, दुसरा घ्या. सुरुवात आधी आणि कंडोम 'शेवटी शेवटी' असंही करू नका. वीर्यपतनाआधी येणाऱ्या द्रवातही विषाणू असू शकतो. काम झाल्यावर ताठरता असतानाच कडेला बोटांनी धरून बाहेर काढा, नाहीतर तो आतच निसटतो. एकावर एक दोन घातले की जास्त सुरक्षित, हा समज तरुण मुलांमध्ये फार आहे. दोन कंडोम एकमेकांवर घासून दोन्ही फाटतात. एका वेळी एकच.

काही जण सांगतात, "नंतर डेटॉलने धुतो" किंवा "लिंबू लावतो". धुण्याने विषाणू जात नाही. उलट अशा गोष्टींनी त्वचा सोलवटते आणि लागण व्हायला वाट मिळते.

"मजा येत नाही, कागदासकट चॉकलेट खाल्ल्यासारखं वाटतं," हे तर ठरलेलं वाक्य. मी ते खोडून काढत नाही. खरोखर काहींना तसं वाटतं. पातळ कंडोम वापरून बघा, आत एक थेंब पाण्यावरची जेली टाका, दुसऱ्या मापाचा आणून बघा. पुष्कळ पुरुषांना कंडोम घालताना ताठरता जाण्याची भीती असते आणि ते कारण मात्र 'मजा' सांगतात. ही भीती सवयीने जाते. एकट्याने दोन-चार वेळा घालून सराव केला तरी फरक पडतो.

मेडिकलवाला ओळखीचा आहे

गावात एकच मेडिकल, आणि तिथे बसणारा वडिलांचा मित्र. त्यामुळे पोरगा चाळीस किलोमीटरवरच्या शहरात गेला तरच कंडोम घेणार. पुरुषांनाच इतकं अवघड, तर बाई दुकानात जाऊन मागेल ही अपेक्षाच नको. दुकानदारही वर्तमानपत्रात गुंडाळून, इकडे तिकडे बघत देतो, आणि मागणाऱ्याला उगाच चोरी केल्यासारखं वाटतं.

सरकारी दवाखान्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आयसीटीसीत कंडोम फुकट मिळतात. आशाताईंकडेही असतात. कुणाला नाव सांगावं लागत नाही. आमच्याकडे पूर्वी पेटी माझ्या टेबलाजवळ होती आणि ती महिनोन्‌महिने भरलेलीच असायची. मग ती जिन्याखाली, पुरुषांच्या मुतारीकडे जाणाऱ्या वाटेवर ठेवली, जिथे कुणी बघत नाही. चार दिवसांत रिकामी झाली. बायकांच्या वॉर्डाच्या न्हाणीघरातही एक ठेवली, तीही संपते. एखाद्या कारखान्यात, वसतिगृहात किंवा बांधकामाच्या साइटवर तुमचं चालत असेल तर हे करून बघा. पेटी कुठे ठेवली, यावर फार काही ठरतं.

ही लाज कुठून येते, हे मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. र. धों. कर्वे यांनी मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. त्यातल्या १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. त्यानंतर सत्तरहून जास्त वर्षांनी, २००७ मध्ये, याच महाराष्ट्रात शाळांतल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमाला बंदी आली. माझ्यासमोर येणारी आजची कितीतरी तरुण मुलं त्या काळात शाळेत होती. त्यांना हे सगळं मोबाइलवरच्या अश्लील चित्रफितींनी शिकवलं, आणि तिथे कंडोम दिसत नाही.

आईवडिलांना माझी विनवणी आहे : मुलाच्या दप्तरात पाकीट सापडलं तर आरडाओरडा करू नका. त्याने काळजी घेतली आहे, हे आधी लक्षात घ्या. पुढचं बोलणं नंतर होऊ शकतं.

"त्याला काय संबंध म्हणतात?"

हा प्रश्न चपला घालताना अगदी हळू आवाजात येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा लग्न झालेला पुरुष असतो. त्याचे दुसऱ्या पुरुषाशी संबंध असतात. आमच्या जुन्या पाट्यांवर धोका म्हणून कायम एका बाईचं चित्र असायचं. त्यातून अनेकांनी असा समज करून घेतला, की एचआयव्ही बाईकडूनच होतो, पुरुषाकडून नाही. 'ती मस्ती', 'तो टाइमपास', म्हणून तिथे कंडोमचा विचारच येत नाही.

वस्तुस्थिती उलट आहे. गुदमैथुनात लागण होण्याचा धोका योनीमार्गे संबंधापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो, कारण तिथली त्वचा नाजूक असते आणि तिथे नैसर्गिक ओलावा नसतो. कंडोम आणि पाण्यावरची जेली दोन्ही लागतात, आणि इथेही खोबरेल तेल चालत नाही. स्त्री-पुरुष जोडप्यांनाही हे लागू आहे. दिवस जाऊ नयेत किंवा कौमार्य 'टिकावं' म्हणून हा मार्ग निवडणाऱ्या मुली मला भेटल्या आहेत.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना वगळलं. तुम्ही आमच्या खोलीत हे बोललात म्हणून कुणी गुन्हा नोंदवणार नाही. बोला. कारण तुम्ही बोलला नाहीत तर मी तुम्हाला चुकीचा सल्ला देईन, आणि त्याची किंमत घरी बसलेली तुमची बायकोही मोजेल.

गिऱ्हाईकाशी कंडोम, 'आपल्या माणसा'शी नाही

सांगलीत 'संग्राम' संस्थेने १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर काम सुरू केलं आणि पुढे त्या बायकांची स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. कंडोम वाटायला बाहेरून कुणी साहेब आला नाही, त्याच बायका गल्लोगल्ली वाटू लागल्या. एकटीने नकार दिला तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जातं. सगळ्यांनी मिळून दिला तर त्याला जायला दारच उरत नाही. ही युक्ती कुठल्याही पोस्टरपेक्षा मोठी आहे.

अडचण उरते ती 'मालका'ची, म्हणजे जो गिऱ्हाईक नसून आपला माणूस आहे त्याची. त्याच्याशी कंडोम नको, कारण तोच तर गिऱ्हाईक आणि आपला यांतला फरक. म्हणजे फिरून तोच विश्वास, वर नवरा-बायकोबद्दल लिहिला तसाच. दुसरी भीती पोलिसांची. पर्समध्ये कंडोम सापडला तर तोच पुरावा धरतील. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे, की कंडोम हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये. हे लक्षात ठेवा आणि पर्समध्ये ठेवा.

दारू

मी दारू सोडा म्हणून सांगत बसत नाही, त्यासाठी वेगळी माणसं आहेत. एवढंच सांगते : पिण्याच्या आधी कंडोम खिशात टाका. प्यायल्यावर कुणी मेडिकल शोधत जात नाही.

तपासणीतल्या चुका

"परवा रात्री चूक झाली, आज रक्त तपासा." तपासतो, पण आजचा निगेटिव्ह रिपोर्ट त्या रात्रीबद्दल काही सांगत नाही. रक्तात दिसण्याइतकं विषाणूविरुद्धचं द्रव्य तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून आज एकदा आणि त्या दिवसापासून तीन महिन्यांनी पुन्हा. मधल्या काळात कंडोम हवाच, कारण नव्या लागणीत विषाणू रक्तात फार मोठ्या संख्येने असतो.

निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे परवाना, असं समजणारे कमी नाहीत. दर सहा महिन्यांनी हसतमुखाने रिपोर्ट नेणारे आणि वागण्यात तसूभर फरक न करणारे लोक मी ओळखते. आणि रक्तदान शिबिरात जाऊन 'फुकटात तपासून घेणं' ही तर गंभीर चूक आहे. लागण अगदी नवी असेल तर ती तपासणीतून निसटू शकते आणि तुमचं रक्त दुसऱ्या कुणाच्या अंगात जाऊ शकतं. आयसीटीसीतही तपासणी फुकटच आहे.

ओळखीच्या भीतीने लोक तपासणी टाळतात. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध कायदा २०१७ चा आहे आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, तुमचा रिपोर्ट परस्पर कुणाला सांगता येत नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून नोकरीत किंवा दवाखान्यात भेदभाव करता येत नाही. तरी मनात धाकधूक असेल तर शेजारच्या तालुक्यात जा. केंद्र कुठलंही चालतं. १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगता विचारता येतं.

लघवीच्या जागी फोड, जखम, पू, जळजळ असं काही असेल तर ते लपवून मेडिकलमधून दोन गोळ्या आणू नका. अशा जखमेतून एचआयव्हीची लागण कितीतरी सहज होते. सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथे उपचार मोफत आहेत. आणि उपचार दोघांनी एकाच वेळी घ्यायचे. एकाने घेतले आणि दुसऱ्याने नाही, तर महिनाभरात आजार पुन्हा हजर.

कंडोम फाटला, किंवा वापरलाच नाही : पुढचे ७२ तास

हा भाग कापून ठेवलात तरी चालेल. धोक्याचा संबंध आला असेल किंवा जबरदस्ती झाली असेल, तर पीईपी नावाची औषधं असतात. ती जितक्या लवकर सुरू होतील तितकी चांगली, शक्य तर पहिल्या काही तासांत, आणि ७२ तासांच्या आत. पुढे २८ दिवस एकही दिवस न चुकवता घ्यायची. जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात किंवा एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्रात, जा आणि "पीईपी हवी आहे" असं थेट म्हणा. धोका किती होता ते डॉक्टर ठरवतात. लोक चौथ्या-पाचव्या दिवशी येतात, कारण तीन दिवस ते देवाला नवस करत आणि गूगलवर लक्षणं शोधत बसलेले असतात. तेवढेच तीन दिवस हातात होते, म्हणून मला फार वाईट वाटतं.

ज्यांना असा धोका वारंवार येतो, त्यांच्यासाठी आधीपासून घ्यायची गोळी आहे, तिला प्रेप म्हणतात. ती एचआयव्ही निगेटिव्ह असलेल्यांसाठी आहे, डॉक्टरांनी तपासून दिल्यावरच घ्यायची, आणि इतर गुप्तरोगांपासून ती वाचवत नाही.

पॉझिटिव्ह आहोत, आता काय उरलं?

उपचार हाही बचाव आहे, हे अजून फार थोड्यांना ठाऊक आहे. एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशा १,७६३ जोडप्यांचा नऊ देशांत अभ्यास झाला. त्यात पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही होती. २०११ मध्ये कळलेला निष्कर्ष असा, की औषधं लवकर सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. आता तर आपल्याला हेही माहीत आहे, की नियमित औषधाने रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. भारतात ही औषधं १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळतात, आणि २०१७ पासून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की लगेच सुरू करतात. आता बहुतेकांना दिवसातून एकच गोळी असते.

चूक होते ती इथे : "बरं वाटतंय" म्हणून गोळी थांबवणं, किंवा व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याची, तपासणी न करताच 'आता आपल्याकडून होणार नाही' असं ठरवणं. रिपोर्ट हातात आल्याशिवाय ठरवू नका. आणि कामासाठी बाहेरगावी जाताना एआरटी केंद्रात सांगून जा. जास्त दिवसांच्या गोळ्या मिळू शकतात, किंवा तिथल्या केंद्राची चिठ्ठी मिळते. गोळ्या सुटण्याचं आमच्या भागातलं मोठं कारण निष्काळजीपणा नसून ऊसतोड आहे. दिवाळीच्या आसपास बीड, अहिल्यानगर, धाराशिवकडचे कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, निघतात ते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात, आणि परततात ते मार्च-एप्रिलमध्ये. मुकादमाची उचल घेतलेली असते, मध्ये एक दिवस सुट्टी मागायची सोय नसते.

मागच्या हंगामात निघायच्या आदल्या दिवशी अशीच एक बाई आली. नवरा पॉझिटिव्ह, तो एआरटीवर, ही निगेटिव्ह. दोघांचं पटतं, औषधांचं वेळापत्रक तिलाच पाठ. नवऱ्याच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या. माझ्याकडे तिने सहा महिन्यांचे कंडोम मागितले आणि मी दिले, ती पिशवीत भरत होती. मग दाराशी जाऊन एक चप्पल घातली आणि विचारलं, "ताई, कोपीत दिवसभर ऊन लागतं. हे खराब होत्याल का?" कोपी म्हणजे ऊसतोड मजुरांची तात्पुरती झोपडी.

मी तिला सांगितलं : पत्र्याच्या पेटीत ठेवू नको, ती तापते. कपड्यांच्या बोचक्यात अगदी मधोमध ठेव, आणि बोचकं कोपीच्या सावलीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या घागरीजवळ.